चौथ्या हौदाला एक वाटी

मिरजगावच्या शिवारात, नगर-सोलापूर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर एक विहीर आहे. तिचं पाणी इतकं मचूळ, की ती खणली त्या साली तिच्यात पडलेला बेडूक अजून मिठात घातलेल्या कैरीसारखा टवटवीत आहे, असं शेजारचा छगन शपथेवर सांगतो. छगनच्या शपथेला गावात कुणी विचारत नाही. पाण्याचं मात्र खरं आहे. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि ज्वारी वीतभर वाढते न वाढते तोच रुसून बसते.

त्या विहिरीच्या काठावर फेब्रुवारीतल्या एका दुपारी प्रवीण बिघडलेली पाण्याची मोटार दोरानं वर ओढत होता. मागून आवाज आला.

"अहो, थोडं पाणी मिळेल का?"

वळून पाहिलं, तर तोंडाला ओढणी गुंडाळलेली एक मुलगी. डोक्यावर हेल्मेट, हातात बाटल्यांची पेटी. दिसत होते ते फक्त डोळे, आणि तेही उन्हानं बारीक झालेले.

"प्यायला? मग हितलं नको. घरात जारचं हाय."

"प्यायला नाही. हेच हवंय."

तिनं बाटलीला सुतळी बांधली, विहिरीत सोडली, भरून वर घेतली. ओढणी खाली केली. आणि प्रवीण काही बोलायच्या आत त्या पाण्यात बोट बुडवून चाटलं!

"अवो मॅडम! काय करताय? बैलं बी तोंड लावत न्हाईत त्याला!"

तिनं डोळे मिटले. चव जिभेवर घोळवली... आणि हसली.

"सुरेख," ती म्हणाली.

त्या विहिरीनं आजवर शिव्या पुष्कळ ऐकल्या होत्या. ती खणणाऱ्या आजोबांनी दिल्या, मग वडिलांनी दिल्या. पण 'सुरेख' असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. प्रवीणला उगाचच वाटलं, की हे आपल्यालाच कुणीतरी म्हणालं. हातातला दोर सैल झाला. मोटार पुन्हा तळाला गेली.

ती स्नेहल. नगरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्रात पीएचडी करणारी. श्रीगोंदा, जामखेड, कर्जत... तीन महिने ती असल्याच टाकून दिलेल्या विहिरींचं पाणी गोळा करत हिंडत होती.

"चांगल्या विहिरी काय संपल्या का?" प्रवीणनं विचारलं.

"चांगलं पाणी माणसांना लागतं. मला जे वाढवायचंय त्याला हेच चालतं."

"काय वाढवनार?"

"शेवाळ."

प्रवीण हसला. "शेवाळ तर आमी खरवडून टाकतो."

"ते वेगळं. हे डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. एका थेंबात हजारोंनी मावतं. आणि त्याच्या पोटात तेल असतं. गाडीत घालता येईल असं."

"म्हंजी माझ्या हिरीवर एष्टी चालनार?"

"एसटी नाही. तुमची मोटारसायकल. फार तर फाट्यापर्यंत... आणि तीही उतारानं."

बांधावर उभा राहून ऐकणाऱ्या छगनला राहवेना. "पव्या, उतारानं जायला तेल कशाला लागतंय रं?"

ती खळखळून हसली. प्रवीणला त्या दिवशी छगन पहिल्यांदा आवडला.

मार्च लागेपर्यंत विहिरीशेजारी चार उथळ हौद उभे राहिले. निळी ताडपत्री, गुडघ्याच्या खाली पाणी, आणि पाणी हलतं ठेवायला प्रत्येकात एक चाक... संथ, झोपाळ्यासारखं. कॉलेजनं जागेचं भाडं ठरवलं होतं. देखरेख प्रवीणकडे. शेवाळाचं बी तिनं बाहेरून आणलं नाही. त्याच विहिरीच्या भिंतीवरचं खरवडून, काचेच्या बाटल्यांत वाढवून आणलं. "इथलंच इथं चांगलं जगतं," ती म्हणाली, आणि प्रवीण त्या एका वाक्यावर दोन दिवस जगला.

ती नऊ वाजता यायची. फाट्यावर स्कूटीची धूळ दिसली, की प्रवीणला त्याच बाजूच्या लिंबोणीत काहीतरी काम निघायचं.

"प्रव्या," त्याची आई बनाबाई चुलीपाशी बसून म्हणाली, "त्या कडंची लिंबोनी रोज किती पानी पिती रं? बाकीची झाडं माझ्याकडं गाऱ्हानं घेऊन आल्यात."

बनाबाईच्या जिभेला हाड नव्हतं; मन मात्र मऊ होतं. स्नेहलला ती पहिल्या दिवसापासून पोरी म्हणायची. बुद्धमूर्तीपुढं दिवा लावता लावता एकदा म्हणाली, "पोरी, वैशाखी पुनवंला हितं तुझ्याच तेलाचा दिवा लागला पायजे. बघ बाई, मी वात वळून ठिवती."

"लावू," स्नेहल म्हणाली. सहज म्हणाली, पण तिचा चेहरा गंभीर झाला होता.

गोठा रिकामाच होता. दावणीशेजारी टेबल टाकून तिथं तिनं सूक्ष्मदर्शक मांडला.

"बघा."

प्रवीणनं डोळा लावला. "काळ्या काड्या दिसत्यात."

"त्या तुमच्या पापण्या. थोड्या मिटा... लांब आहेत तुमच्या."

बोलून गेली. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला. त्याचा आवाज अगदी थांबेपर्यंत ती बाटलीचं झाकण लावत होती. झाकण आधीच लागलेलं होतं.

मग त्याला दिसलं. हिरवे हिरवे दाणे, राजगिऱ्यासारखे. काहींच्या पोटात एक थेंब, चकाकणारा.

"हिरवे आहेत ते पहिल्या हौदातले. त्यांना पोटभर खत आहे. एकाचे दोन, दोनाचे चार, नुसता पसारा वाढवतात. तेल नाही. आणि हे चकाकणारे चौथ्यातले. यांना आधी दहा दिवस जेवू घातलं... मग नत्र तोडलं. ऊन तेवढंच ठेवलं."

नत्र म्हणजे काय, हे लिंबोणीवाल्याला सांगावं लागत नाही. "म्हंजी उपाशी ठिवलं?"

"हो. उन्हातून ताकद मिळत राहते, पण नत्राशिवाय वाढता येत नाही. मग ती ताकद तेल करून साठवतात. पुढं काय दिवस येतील, ठाऊक नसतं ना."

"किती दिस उपाशी?"

"आठ-नऊ. कमी ठेवलं तर तेल भरत नाही. जास्त ठेवलं तर मरतात. त्यातली वेळ ओळखणं, एवढंच माझं काम."

प्रवीणनं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, आणि तो रिकाम्या दावणीकडे बघत राहिला. मोठ्या दुष्काळात तो बारा वर्षांचा होता. कपिली गाय चारा-छावणीत नेली होती. उसाचं वाळलेलं वाढं तिच्या तोंडापुढं धरून तो तीन दिवस बसला. चौथ्या दिवशी तिनं मानच उचलली नाही. त्यानंतर या गोठ्यात जनावर बांधलं गेलं नाही. हे त्यानं स्नेहलला सांगितलं नाही. पण तिनं काय ते ओळखलं असावं. थोड्या वेळानं तिनं दावणीवर ठेवलेली आपली पिशवी उचलून खाली ठेवली.

पहिली खेप मार्चअखेरच्या उन्हानं नेली. पाणी एवढं तापलं, की त्यात आपण अंडी उकडली असं छगन सांगतो. अंडी खोटी, शेवाळ पांढरं पडलं ते खरं. स्नेहल हौदाच्या काठावर बसून राहिली. प्रवीणनं दुपारपुरती सावलीची हिरवी जाळी बांधायला घेतली.

"ऊन हवं ना पण..." ती पुटपुटली.

"ऊन ऱ्हाईल. भट्टी तेवढी न्हाई ऱ्हायची."

दुसरी खेप जमली. चौथ्या हौदात शेवाळाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं तेल निघालं. तिसरी खेप शेवटची. पौर्णिमेच्या तीन दिवस आधी कॉलेजची समिती येणार होती. चौथा हिस्सा तेल दिसलं, तर हौद आणखी दोन वर्षं मिरजगावात राहणार होते. नाही दिसलं, तर ताडपत्री गुंडाळायची... आणि फाट्यावर धूळ उडणं बंद.

हे प्रवीणला पाठ होतं. म्हणूनच पुढं जे झालं त्याचं नवल वाटतं.

तिसऱ्या खेपेत नत्र तोडून चार दिवस झाले, आणि स्नेहलला परीक्षेच्या कामासाठी पाच दिवस नगरला अडकावं लागलं.

"चाकं फिरतायत का, बघा. सकाळी एकेक बाटली भरून ठेवा, पाण्याची. बाकी हात लावायचा नाही."

"न्हाई लावत."

"शपथ?"

"छगनची चालंल?"

"नको. तुमचीच द्या."

त्यानं दिली. आणि मोडली.

चौथ्या दिवशी भर दुपारी तो हौदावर गेला. चौथा हौद पिवळा होणार, हे ठाऊक होतं. पण आज तो पिवळ्याच्याही पलीकडे गेला होता. करपलेल्या पानासारखा. कडेला फेस धरला होता. प्रवीणनं फोटो काढून पाठवला, खाली लिहिलं, 'लई पिवळं झालंय.' तीनदा फोन लावला. बंद. परीक्षेच्या वर्गात फोन बंदच असणार.

लिंबोणीचं पान पिवळं पडलं, की हात युरियाच्या पोत्याकडे जातो. तिथं विचाराचं काम नसतं; वीस वर्षांचा हात असतो. तरी प्रवीण थांबला. थांबला, आणि त्या पाण्याकडे बघत राहिला. तिथं कोट्यवधी तोंडं असतील... एवढीएवढीशी. मान न उचलणारी.

आईच्या फळीवरून त्यानं एक स्टीलची वाटी आणली. सपाट भरली. बादलीत युरिया विरघळवला, आणि चौथ्या हौदात ओतला.

तासाभरानं फोन वाजला. स्नेहलचं उत्तर होतं. 'वा! अगदी असंच हवं. उद्या येते.'

तो दुपारभर विहिरीच्या काठावर बसून राहिला. बनाबाईनं जेवायला दोनदा हाका मारल्या.

दुसऱ्या दिवशी परीक्षा लांबली. ती तिसऱ्या दिवशी आली. तोवर चौथा हौद हिरवागार झाला होता, पोपटी, लुसलुशीत... कुठल्याही शेतकऱ्याचं मन निवावं असा. स्नेहलनं हेल्मेटसुद्धा काढलं नाही. तशीच हौदाशी गेली, ओंजळीत पाणी घेतलं, आणि ते बोटांतून गळून जाऊ दिलं.

"माझंच चुकलं," ती हळूच म्हणाली. "हौद धुताना कुठंतरी खत राहिलं असणार. किंवा तोललं तेव्हाच..." तिनं वही उघडली. प्रवीणला ती लिहिताना दिसत होती. 'कारण अज्ञात. बहुधा माझी चूक.'

गप्प बसणं सोपं होतं. ती तशीही जाणार होती. जाताना निदान त्याच्याविषयी बरं मत घेऊन गेली असती.

"खोडा ते," तो म्हणाला. "युरिया. एक वाटी. मंगळवारी, दुपारी दीड वाजता. मी टाकला."

पेन थांबलं.

"का?"

"पिवळं पडलं हुतं."

"पिवळं पडायलाच हवं होतं, प्रवीण!"

"ठावं हुतं मला. तरी... बघवंना."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. वही मिटली, स्कूटी वळवली. फाट्यावरची धूळ खाली बसायला त्या दिवशी फार वेळ लागला.

बनाबाईनं वाटी घासून फळीवर ठेवली. "उपाशी लेकराला जेवू घातलं, त्यात काय गुन्हा झाला रं?" म्हणाली. आणि मग स्वतःच, "झाला खरा," असं म्हणून चुलीत लाकूड सारलं.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी नऊ वाजता स्कूटी आली. डोळ्यांखाली काळं, पण चाल सरळ.

"किती मोठी वाटी?"

प्रवीणनं आणून दाखवली. तिनं त्यातला युरिया तोलला, हौदाचं पाणी मोजलं, त्यानं रोज भरून ठेवलेल्या बाटल्या ओळीनं लावल्या.

"तुम्ही दिवस आणि वेळ सांगितली नसती, तर हे सगळं फेकून द्यावं लागलं असतं. आता निदान लिहिता येईल. जेवण मिळाल्यावर तेल किती दिवसांत जिरतं, ते." तिनं वाटी परत त्याच्या हातात दिली. "वाटीभर नत्र त्यांनी आजपर्यंत संपवलंय. समितीला सहा दिवस आहेत. उपास पुन्हा सुरू. आणि तुम्ही या हौदाकडे फिरकायचं नाही. सहाच्या सहा दिवस."

"आनि तुमच्याकडं?"

ती वहीत बघत म्हणाली, "मी हौदापाशीच असेन."

म्हणजे तेही नाही.

प्रवीणनं ते सहा दिवस काढले. लिंबोणीच्या आतल्या ओळीत काम केलं, जिथून फाटा दिसत नव्हता. बनाबाई सरबताचा तांब्या घेऊन जायची आणि येऊन सांगायची, "पोरीनं इचारलं न्हाई काई." दुसऱ्या दिवशी, "इचारलं न्हाई, पर तांब्या लई येळ हातात धरून बसली." पाचव्या दिवशी ती काही सांगायला थांबली नाही. नुसती हसत घरात गेली.

समितीत तिघं होते. चौथा हौद त्यांनी पाहिला. उन्हात वाळलेल्या लिंबाच्या सालीचा रंग आला होता. तेल निघालं वजनाच्या एकवीस टक्के. हवं होतं पंचवीस.

चार टक्के... सूक्ष्मदर्शकातसुद्धा दिसू नये एवढं अंतर. हौद मोडायचे ठरले.

पण त्यांच्यातल्या एका वयस्क बाईंनी वही चाळता चाळता एका पानावर बोट ठेवलं. 'युरिया, एक वाटी, मंगळवार, दुपारी दीड.' त्यांनी विचारलं, "उपास, मग जेवण, मग पुन्हा उपास... आणि दुसऱ्यांदा तेल एवढ्या लवकर भरलं?" स्नेहलनं सगळं सांगितलं. कुणी टाकला, हेही सांगितलं. बाई गुजरातच्या किनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्रात होत्या. जाताना म्हणाल्या, "तिकडं ये. दोन वर्षं. समुद्र आहे, ऊन आहे. हेच पुढं करून बघ."

ज्या वाटीनं तिचे इथले दिवस संपवले, तिनंच तिला पुढची वाट दिली. प्रवीणला हसावं की काय करावं, कळेना.

वैशाखी पौर्णिमेला दिवेलागणीच्या वेळी ती आली. पांढरी साडी, हातात एवढीशी काचेची कुपी. तळाशी पाव चमचा तेल, गडद, हिरवट सोनेरी. बनाबाईनं वात वळून ठेवलेलीच होती. बुद्धमूर्तीपुढं पणतीत ते तेल ओतलं. स्नेहलनं काडी ओढली. वारं होतं, म्हणून प्रवीणनं दोन्ही हातांचा आडोसा केला. तिची बोटं त्याच्या तळव्याला लागली, आणि तिनं ती लगेच काढून घेतली नाहीत.

दिवा सव्वा मिनिट जळला. गाव आता अर्धा तास म्हणतं. छगन म्हणतो, उजाडेपर्यंत तेवत होता आणि त्याच्या उजेडात सोलापूरकडे जाणाऱ्या चार गाड्या वाट विचारायला थांबल्या. पण ते सव्वाच मिनिट होतं. दिवा शांत झाल्यावर बनाबाईनं पदरानं डोळे टिपले. "धूर लई हाय पोरी तुझ्या तेलाला," म्हणाली.

निघायच्या दिवशी तीन हौद गुंडाळले गेले होते. चौथ्यापाशी ती उभी होती. चाक फिरत होतं.

"हा मोडू नका. इथलंच इथं चांगलं जगतं."

"कुनासाठी ठिवू?"

तिनं चाकावर साचलेली शेवाळाची रेघ बोटानं पुसली.

"दोन वर्सं," तो म्हणाला. "तुमीच म्हनाला हुता... लई दिस उपाशी ठिवलं, की मरत्यात. मला तर ह्या सा दिसांतच..." त्यानं मान खाली घातली. "मला तुमी आवडता. येडंवाकडं काई न्हाई. एवढंच सांगायचं हुतं. दिवस आनि येळ लिहून घ्या पायजे तर."

स्नेहल वळली आणि तडक घरात गेली. बाहेर आली ती हातात एक स्टीलची वाटी घेऊन. तीच, काठाला पोचा असलेली.

"ही मी नेतेय."

"तिकडं युरिया टाकनार?"

"नाही." ती हसली. विहिरीचं पाणी चाखून हसली होती, तशीच. "महिन्यातून एकदा परत आणीन. रेल्वेनं नगर, तिथून एसटी. एक दिवस राहीन, आईंच्या हातचं जेवीन, परत जाईन. मोजून एक वाटी. त्याहून जास्त नाही... तेल भरलं पाहिजे ना." आणि मग, पहिल्यांदाच, "चालेल तुला?"

'तुला' म्हणाली. प्रवीणनं कितीतरी गोष्टी बोलायच्या ठरवल्या होत्या.

"व्हय," तो म्हणाला.

स्कूटी फाट्यावर वळली. धूळ उडाली, बसली. चौथ्या हौदातलं चाक फिरत राहिलं.

बनाबाईच्या फळीवर सहा वाट्यांचा संच होता. आता पाच आहेत. पाहुण्यांना वाढताना एक कमी पडली, की कुणीतरी विचारतंच. मग ती प्रवीणकडे न बघता, आमटीचा पळा तसाच हातात धरून सांगते, "सहावी गुजरातंत हाय. दर म्हैन्याला येती."